देवाचा जागर आणि शेजाऱ्याची झोप

माघ महिना अर्धा सरत आला की आमच्या भागातील वाटा चिंचलीकडे वाहू लागतात. बेळगाव जिल्ह्याच्या रायबाग तालुक्यातील हे गाव. मिरजेहून बेळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्थानकही आहे. तेथील मायाक्का देवीची यात्रा माघी पौर्णिमेच्या सुमारास भरते. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, कानडी बोलणारे आणि मराठी बोलणारे, सारेच तिला येतात. देवीने आजवर कोणाची भाषा विचारल्याचे ऐकिवात नाही. पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा लागत. त्या आजही लागतात. परंतु त्यांच्या जोडीला आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टेंपो आणि मोटारी आल्या आहेत. एवढी गर्दी कोणत्याही धर्मशाळेत मावण्यासारखी नव्हे. म्हणून लोक मोकळ्या माळावर आणि पीक निघालेल्या शेतांत उतरतात, गाडीला ताडपत्री बांधतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि दोन-तीन दिवसांचा संसार उघड्यावर थाटतात.

आमचे बोरगाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या खोऱ्यात येते. ऊस आणि तंबाखू पिकविणारा हा मुलूख. एका माघात येथील आम्ही काही जण, बायकामुले धरून चौदा माणसे, एका ट्रॉलीतून चिंचलीस गेलो होतो. भजनाचा नाद असलेली मंडळी असल्यामुळे टाळ, मृदंग आणि बॅटरीवर चालणारा एक लहानसा भोंगाही बरोबर होता. या भोंग्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम करून ठेवीत आहोत. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्या मुक्कामात जे घडले ते सांगण्यासारखे विलक्षण मुळीच नाही. यात्रेत, उद्यानात, नदीकाठी किंवा डोंगरावर ज्याने ज्याने म्हणून उघड्यावर एक रात्र काढली असेल त्याला ते ठाऊकच असणार. परंतु त्या रात्रीने एक प्रश्न आमच्यापुढे टाकला आणि घरी परतल्यावरही तो सुटेना. जी जागा कोणाच्याच मालकीची नाही आणि म्हणून सर्वांची आहे, तेथे एकाचा आनंद दुसऱ्याच्या अंगावर कोठवर जाऊ शकतो? आणि ज्याच्या अंगावर तो येतो त्याने कोठवर सोसावे? प्रश्न वाटतो लहान. पण गावातील, आळीतील, किंबहुना देवळातील आपले कितीतरी वागणे त्यात सामावलेले आहे.

पहिल्या दिवशी देवीचे दर्शन झाले, भंडाऱ्याने सर्वांची अंगे पिवळी झाली, नैवेद्य झाला आणि नऊच्या सुमारास आमच्या बायकांनी अंथरुणे घातली. बरोबर एक तान्हे मूल होते. एक आबा होते; वय ऐंशीच्या घरात, आणि कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना एकदा लागलेली झोप मोडली की पुन्हा लागत नसे. आमच्यापासून पंधरा-वीस पावलांवर दुसऱ्या एका गावची मंडळी उतरली होती. त्यांनी जनरेटर सुरू केला आणि आमच्या भागात ज्यास सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात ते यंत्र लावले. आरंभी देवीची गाणी झाली, मग सिनेमाची झाली, मग कोणती झाली ते समजण्याचीही सोय उरली नाही. कारण शब्द नाहीसे होऊन जमिनीतून नुसता धक्का येऊ लागला. मूल रडू लागले. आबा उठून बसले. अंधारात आमच्यातील एकजण म्हणाला, “ही तिकडची माणसं. ह्यांना रीत ठाऊक नाही.” ‘तिकडची’ म्हणजे काय ते सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. कोणी त्याला अडविले नाही. दहा वाजले, बारा वाजले, एक वाजून गेला. आम्ही पडल्या पडल्या त्या मंडळींच्या संस्कारांविषयी, हल्लीच्या पिढीविषयी आणि एकंदर कलियुगाविषयी पुष्कळ बोललो. उठून त्यांच्याकडे मात्र कोणीही गेले नाही.

दीड वाजता आमच्यातील एक तरुण अखेरीस गेला आणि पाच मिनिटांत परत आला. त्याला मिळालेले उत्तर त्याने जसेच्या तसे सांगितले: “पाव्हणं, जत्रंला झोपाय आलाय व्हय? देवीचा जागर हाय.”

दोनच्या सुमारास जनरेटरचे तेल संपले की माणसे थकली, कोण जाणे. पण आवाज थांबला.

आता हे उत्तर आपण हसण्यावारी नेऊ नये, असे आम्हांस वाटते. ते उद्धट असेल, परंतु पोकळ नाही. यात्रा आणि जागरण यांचे नाते खरोखरच जुने आहे. आमच्या निपाणी भागातच कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथांची यात्रा आश्विनात भरते. तेथे ढोल वाजतात, लोक रात्र जागवितात आणि पुढील वर्षाच्या पाऊसपाण्याविषयीची भाकणूक पहाटे ऐकतात. खंडोबाचे जागरण, अंबाबाईचा गोंधळ, हरितालिकेची रात्र, महाशिवरात्र: न निजणे हीच या साऱ्यांतील उपासना आहे. इतकेच काय, पंढरीस आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत प्रत्यक्ष देवाचा पलंग काढून ठेवतात. एरवी रोज शेजारती होऊन देव निजतो. यात्रेच्या दिवसांत मात्र त्याला निद्रा नाही. रात्रंदिवस तो भक्तांसाठी उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, आणि उभे राहून शिणलेल्या देवास श्रमपरिहारासाठी काढा दाखवितात. यात्रेत देवच जर झोपत नाही तर भक्ताने झोपेचा आग्रह का धरावा, असे कोणी विचारले तर त्यास काय उत्तर द्यावयाचे?

आम्ही त्या रात्री जे उत्तर शोधीत पडलो ते दुसऱ्या दिवशी उजेडात असे दिसले. पंढरीचा देव जागतो तो स्वतःची झोप मोडून. गोंधळी जागतो, वाघ्या जागतो, हरितालिकेस उपाशी राहिलेली सुवासिनी जागते, ती आपापली झोप देवाला वाहतात. देवाला काही वाहावयाचे तर ते आपले असावे लागते, हा आपल्या धर्मातील साधा नियम आहे. दानाचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रकारांनी दान म्हणजे आपल्या वस्तूवरील आपली मालकी सोडून ती दुसऱ्याची करणे, असेच मानले आहे. शेजाऱ्याच्या परड्यातील फुले त्यास न विचारता तोडून पूजा करणाऱ्यास आपण भाविक म्हणतो खरे, पण ती फुले देवापर्यंत पोहोचतात असे मनापासून कोणी मानीत नाही. मग शेजाऱ्याची झोप न विचारता तोडून केलेला जागर कोणाच्या खात्यावर जमा होतो? ऐंशी वर्षांच्या आबांची झोप ही आबांची होती. ती देवीला वाहावी की न वाहावी हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

हा भेद एकदा ध्यानात घेतला म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. प्रश्न आवाज मोठा की लहान एवढ्यापुरता राहत नाही, आणि गाणे देवाचे की सिनेमाचे यापुरताही राहत नाही. जो त्या आवाजात नाही त्याची संमती कोणी घेतली होती काय, हा खरा प्रश्न होय. डोळ्यांना पापण्या आहेत. न आवडणारे दृश्य आपण मिटून टाकू शकतो. कानांना तशी सोय नाही. म्हणून आवाज करणाऱ्याच्या हाती दुसऱ्यावर चालणारी एक सत्ता आपोआप येते, आणि सत्ता आली की जबाबदारीही येते.

येथे कोणी सोशिकपणाची महती सांगेल. यात्रेत थोडे सोसावे, मन शांत असले की बाहेरच्या गलबल्याने काय बिघडते, असे म्हणणारे सज्जन प्रत्येक मुक्कामात असतात, आमच्यातही होते. या उपदेशामागे मोठी परंपरा आहे. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका पहिल्या शतकात एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत असे. तेथील आरडाओरडा, पाण्यात मारलेल्या उड्या आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या यांचे वर्णन करून त्याने आपल्या मित्रास लिहिले की, मन आतून स्थिर असेल तर बाहेरचा गोंगाट बाधत नाही. पत्र वाचता वाचता आपण त्याच्या धैर्याने थक्क होतो. आणि पत्राच्या अखेरीस तो सांगतो की आता आपण ती जागा सोडून जाणार आहोत! त्याच्या या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस त्याचा अधिकच आदर वाटतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याच्या घराजवळ तुरुंग होता आणि तेथील कैदी खिडकीशी उभे राहून मोठमोठ्याने प्रार्थनागीते गात. १७८४ साली त्याने नगराधिकाऱ्यास पत्र लिहून विनविले की, या लोकांनी खिडक्या लावून गाइले तरी त्यांच्या आत्म्याच्या उद्धारास काही बाध येणार नाही. दोघेही मोठे विचारवंत. एकाने सोसण्याचा उपदेश केला आणि जागा सोडली, दुसऱ्याने तक्रार केली. निमूटपणे सोसणे हा काही एकच थोर मार्ग आहे, असे यावरून ठरत नाही.

आपल्याकडे गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंताने प्रिय भक्ताचे एक लक्षण सांगितले आहे, आणि ते दुहेरी आहे. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि ज्याला लोकांपासून उद्वेग होत नाही, तो. दोन्ही अर्धे मिळून एक माणूस होतो. आम्ही मात्र व्यवहारात या लक्षणाची मोठी सोयीची वाटणी करून टाकली आहे. दुसरा अर्धा आम्ही शेजाऱ्याला शिकवितो: अरे, एवढे काय ते सोस, भक्ताला उद्वेग शोभत नाही! पहिला अर्धा मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. भगवंताने तो आधी सांगितला आहे, याचाही आम्हांस विसर पडतो. सहनशीलता हा गुण खरा. पण तो आपण स्वतःपाशी मागावयाचा असतो. दुसऱ्यापाशी मागितलेली सहनशीलता म्हणजे आपल्या वागण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे होय.

इथवर विचार आला तेव्हा आमची बाजू आम्हांस फारच स्वच्छ दिसू लागली होती. ती तशी नव्हती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

आठच्या सुमारास आमच्यातील दोघे पाण्याची घागर घेऊन त्या मंडळींच्या बाजूने गेले. रात्रीच्या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावावा, असा त्यांचा विचार होता. चुलीपाशी एक आज्जी भाकरी थापीत बसल्या होत्या. “कुठलं गाव म्हणायचं तुमचं?” असे आमच्या माणसाने विचारले. त्यांनी सांगितलेले गाव कोल्हापूर जिल्ह्यातले निघाले. त्यांची बोली आमचीच होती. रात्री अंधारात आम्ही ज्यांना ‘तिकडची’ ठरविले होते ती आमच्याइतकीच मराठी माणसे होती. तक्रार एका यंत्राची होती. ते यंत्र पंधरा-वीस पावलांवर होते. आणि आम्ही ती नेऊन घातली होती एका सबंध भाषेवर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाल्यापासून या सीमेवरील माणसाला प्रत्येक गाऱ्हाण्यात ही जुनी जखम सापडते. ती जखम खरी आहे. परंतु जनरेटरच्या गाऱ्हाण्यात तिला ओढणे खरे नव्हते.

आमच्या माणसाने मग रात्रीचा विषय काढला. आज्जींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पोरांस्नी म्या बी सांगितलं, बंद करा म्हणून. ऐकत न्हाईत.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पर लेकरा, तुमचं टाळ साडेचारला सुरू झालं. त्यो भोंगा आमच्याच अंगाकडं हुता. नातीला दोन वाजता कुठं डोळा लागला हुता, ती पुन्यांदा उठली. म्हटलं, देवाचं हाय, काय बोलावं?”

आमचा काकडा! पहाटे साडेचारला आम्ही नित्याप्रमाणे काकडा केला होता आणि सवयीने तो भोंगा लावला होता. रात्रभर जागलेल्या आबांनीही त्यात चिपळ्या वाजविल्या होत्या. आपण कोणाला उठवीत आहोत, ही शंका आमच्या चौदा माणसांपैकी एकाच्याही मनास शिवली नाही. शिवणार कशी? आमच्या हाती अभंग होते. त्यांच्या गाण्यांत आम्हांस गोंगाट ऐकू आला आणि स्वतःच्या गाण्यात केवळ भक्ती. त्या लहान मुलीच्या कानाला मात्र दोहोंमधील फरक कळण्याचे कारण नव्हते.

आज्जींच्या बोलण्यातील शेवटचे वाक्य आम्हांस सर्वांत अधिक बोचले. सिनेमाच्या गाण्याविरुद्ध तक्रार घेऊन आमचा माणूस दीड वाजता का होईना, गेला. आमच्या काकड्याविरुद्ध त्या बाईला तोंड उघडता आले नाही, कारण त्यावर देवाचे नाव होते. याचा अर्थ आमचा आवाज त्यांच्याहून लहान असला तरी त्याचे बळ मोठे होते. ज्या आवाजाविरुद्ध बोलण्याची सोय नाही तो आवाज करणाऱ्याने दुप्पट जपले पाहिजे. आपल्या देवळांच्या कारभाऱ्यांनी या गोष्टीचा विचार कधी केला आहे काय? देवळाच्या शेजारी राहणारे आजारी माणूस, परीक्षेला बसलेला मुलगा, रात्रपाळी करून आलेला कामगार ही मंडळी तक्रार करीत नाहीत, यावरून त्यांना त्रास नाही असे आपण समजतो. बहुधा त्या आज्जींप्रमाणे त्यांनीही म्हटलेले असते, देवाचे आहे, काय बोलावे.

मग बोलावे तरी कसे? न बोलता मनात कुढणे एका टोकास आणि रात्री दीडला जाऊन भांडणे दुसऱ्या टोकास. यांच्यामध्ये काही रीत आहे की नाही? आहे, आणि ती आपल्या वारीने फार पूर्वीच घालून दिली आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या आजच्या स्वरूपाची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील अंकलीचे शितोळे सरकार यांचे साहाय्य त्यांना होते. आजही त्या सोहळ्याचे अश्व अंकलीहूनच आळंदीस जातात. पालखी तळावर आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या असतात, शेकडो टाळमृदंग वाजत असतात. चोपदार आपला दंड उंच करतो आणि क्षणात सारा तळ शांत होतो. मात्र ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती आपले टाळ थांबवीत नाही. त्या शांततेत तेवढाच एक आवाज ऐकू येतो. त्या दिंडीपाशी जाऊन तिची तक्रार विचारली जाते, ती ऐकली जाते, हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात आणि नंतरच आरती होते.

या रीतीत किती शहाणपण आहे, पाहा! लाखो माणसांचा मुक्काम उघड्यावर आहे. तेथे गाऱ्हाणी असणारच, हे आधीच धरून चाललेले आहे. गाऱ्हाणे सांगणाऱ्यास कोणी वारकरीपणात उणा मानीत नाही. गाऱ्हाणे अंधारात पाठीमागे सांगावयाचे नाही, सर्वांसमक्ष सांगावयाचे. आणि ते ऐकू यावे म्हणून बाकीच्यांनी आपले टाळ थांबवावयाचे. दररोज सायंकाळी, देवाच्या आरतीच्या आधी, हे घडते. जेथे गाऱ्हाण्याला अशी ठरलेली वेळ आणि जागा असते तेथे ते कुजत नाही. आमच्या चिंचलीच्या माळावर तशी जागा नव्हती. म्हणून ते गाऱ्हाणे प्रथम कुजबुजीत गेले, मग भाषेच्या वैरात गेले आणि शेवटी रात्री दीड वाजता उद्धट उत्तर घेऊन परत आले.

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. कायदा आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे केंद्र सरकारचे नियम २००० साली अमलात आले. त्यांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. धार्मिक वा सांस्कृतिक उत्सवांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल धरली आहे. डेसिबेलचे हे माप साध्या बेरजेचे नाही: दर १० डेसिबेलमागे आवाजाची शक्ती दसपट होते. म्हणजे ४५ च्या जागी ७५ झाले की ती हजारपट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही; आणि २००५ साली रात्रीच्या शांततेचा नियम अधिक ठामपणे उचलून धरला. अमेरिकेतील योसेमिटी येथील राष्ट्रीय उद्यानात लोक तंबू ठोकून राहतात. तेथेही शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६ हीच आहे. दोन दूरच्या देशांनी माणसाच्या झोपेसाठी नेमके तेच आठ तास राखून ठेवावेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पण वाचकांनी त्या दुसऱ्या आकड्याकडे जरा पुन्हा पाहावे. सकाळी ६. आमच्या शेजाऱ्यांनी पहिला आकडा मोडला आणि आम्ही दुसरा. पोलिसांना बोलवावे असे रात्री आमच्यातील एकाने सुचविले होते. ते आले असते तर न्यायाने त्यांना आमचाही भोंगा उचलावा लागला असता. कायदा एवढे करू शकतो की सीमा आखून देतो, आणि ती दोन्ही बाजूंस सारखी लागू करतो. शेजाऱ्याच्या नातीचा डोळा दोन वाजता लागला हे त्याला ठाऊक होऊ शकत नाही. ते ठाऊक करून घेण्यास पंधरा-वीस पावले चालून जावे लागते.

ती पावले त्या दिवशी दोन्ही बाजूंनी चालली गेली. आमच्या आबांना घेऊन आम्ही दुपारी त्यांच्याकडे गेलो. आधी स्वतःच्या काकड्याबद्दल बोललो आणि मग त्यांच्या यंत्राबद्दल. ज्याने रात्री ते उत्तर दिले होते तो तरुण आबांना पाहून उठून उभा राहिला आणि म्हणाला, “आज्जा, तुम्ही हितं हाय ते आम्हास्नी म्हाईतच न्हवतं.” हे खरे असेल. अंधारात आम्ही त्याला माणूस म्हणून पाहिले नव्हते. त्यानेही आम्हांस पाहिले नव्हते. ठरले ते असे की, रात्री १० ला यंत्र बंद व्हावे, आणि आमचा काकडा भोंग्यावाचून, ताडपत्रीच्या आत व्हावा.

त्या रात्री यंत्र १० ला बंद झाले नाही. ११ वाजले, आणि मधे एकदा आज्जींचा चढलेला स्वर ऐकू आला. शिवाय आमच्या मागच्या बाजूस उतरलेल्या तिसऱ्याच एका मंडळीचा ढोल पहाटेपर्यंत चालू राहिला; त्यांच्याशी आमचे काहीच ठरलेले नव्हते. तेव्हा यातून मोठे रामराज्य अवतरले असा दावा आम्ही करीत नाही. परंतु त्या रात्रीच्या ढोलाने आदल्या रात्रीइतका त्रास झाला नाही, हेही खरे. कदाचित आम्ही थकलो असू. किंवा आवाजापेक्षा त्यामागच्या माणसाविषयीचा राग अधिक जागवितो, हे एक दिवसापूर्वी शिकलो होतो म्हणूनही असेल.

पहाटे काकडा झाला. टाळ हलक्या हाताने वाजले, इतके की मृदंगाची थाप आम्हांलाच कान देऊन ऐकावी लागली. सुरुवातीस मंडळींना तो काकडा अपुरा वाटला. ज्या देवाला उठवावयाचे तो काही बहिरा नाही, असे आबा म्हणाले आणि पुढील अभंग त्यांनीच धरला.

आपल्या देवस्थानांत आवाजाला पूर्वीपासून वेळ नेमून दिलेली आहे. गोमंतकात कवळ्यास किंवा मंगेशीस जाऊन अग्रशाळेत राहिलेल्या वाचकांस ते ठाऊक असेल: चौघड्याची वेळ ठरलेली, आरतीची ठरलेली, आणि शेजारती झाली की देवाचे दार लागते आणि आवार निवांत होते. देव निजला आहे म्हणून माणसेही हळू बोलतात. शेज आणि शेजार हे शब्द कानाला एकाच घरातले वाटतात, आणि कोकणीतही शेजारी हा शेजारीच आहे. ज्याची शेज आपल्या शेजेजवळ आहे तो, असा अर्थ मनाशी धरून चालले तरी वागण्यास पुरे. देवाच्या शेजेपाशी आपण जितके जपून पाऊल टाकतो तितकेच त्याच्या शेजेपाशीही टाकावे.

येत्या उत्सवात आपल्या देवळाचा भोंगा कोणत्या घराकडे तोंड करून आहे, हे कारभाऱ्यांपैकी कोणीतरी एकदा आवाराबाहेर उभे राहून पाहावे, आणि त्या घरी जाऊन विचारावे. उत्तर बहुधा असे येईल की, छे, छे, देवाचे आहे, आम्हांस काही त्रास नाही. त्या उत्तरावर लगेच समाधान मानून परत फिरू नये. दारात थोडे थांबावे आणि घरात कोण कोण झोपते, हेही विचारावे.